रुमालाखालचा हात

"मी हाय न्हवं? मग झालं तर."

एवढं बोलून तात्या खांद्यावरचा रुमाल काढायचे, एकदा झटकायचे आणि परत त्याच खांद्यावर टाकायचे. रुमालाला धूळ लागलेली असो वा नसो. झटकला की विषय मिटला. समोरच्यानं आता काळजी करायची नाही, चहा सांगायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असणार. बोअरची मोटर जळू दे, पोरीचं स्थळ बघायचं असू दे, आपण आधी त्याला फोन लावतो. तो येतो, बसतो, आणि निम्मं ओझं तिथंच उतरतं. तात्या माझ्यासाठी तसे होते. होते म्हणजे, माणूस अजून आहे, चांगला धडधाकट आहे. माझ्यासाठी होते.

ते अंथुर्ण्याचे. उमेदीची सगळी वर्षं बैलबाजारात गेली. हेडी म्हणायचे त्यांना, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जुळवणारा. शेळगावला माझ्या वडिलांना शेवटची खिलार जोडी त्यांनीच घेऊन दिली. पुढं बैल कमी झाले, तसे तात्या ट्रॅक्टरकडं वळले, मग जुन्या जेसीबीकडं, लोडरकडं. पण सवयी सगळ्या बाजारातल्याच. लोडरच्या बकेटला पुढं लोखंडी दात असतात. तात्या आधी खाली बसून त्या दातांवरून अंगठा फिरवायचे. मग मागं जाऊन मशीनच्या बुडाला थाप मारायचे. एकदा त्यांनी एका रोलरला "हो, हो, राजा" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

माझी नर्सरी बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. नुसती रोपं विकून काय होतंय! म्हणून बागा करून द्यायची कामं घेते. बंगल्यांपुढं लॉन टाकायचं, शाळा-कंपन्यांच्या आवारात झाडं लावायची. हाताखाली बायका आहेत, त्यांची मुकादम कलाबाई. माती पसरायची, मुरूम ओढायचा, खत टाकायचं, सगळं घमेल्यानं. कलाबाईची कंबर इतकी धरली की ती वाकली की उठायला दुसरीचा हात लागायचा. मोठा जेसीबी बंगल्याच्या फाटकातून जात नाही, आणि गेला तर मालकाची फरशी फोडून ठेवतो. तेव्हा ठरवलं, बुटका लोडर घ्यायचा. स्किड स्टिअर म्हणतात त्याला. चालवणारा पिंजऱ्यात बसल्यासारखा बसतो, पुढं बकेट, आणि मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. आमच्या बायकांनी व्हिडिओ बघितला आणि लगेच त्याचं नाव ठेवलं भिंगरी.

मी तात्यांना फोन लावला. ते मोटरसायकलवर बसून हजर.

"कसलं मशीन घ्यावं, तात्या?"

"मशीन मागनं. आधी फाटकं दाव मला."

झालं. तात्यांनी बारामतीतल्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची फाटकं रुमालानं मापली. हे असं रुमालाचं एक टोक खांबाला धरायचं, दुसरं ओढायचं, आणि उरलं ते बोटांनी मोजायचं. मी टेप आणली होती, पण ती पिशवीतच राहिली. एका बंगल्यातल्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय हो, शिंपी आणलाय का?" तात्या म्हणाले, "व्हय वैनी, तुमच्या फाटकाला झबलं शिवतूय." त्या बाई अजून मला झबल्याचं विचारतात.

मग आम्ही मशिनं बघत फिरलो. नव्या मशीनच्या शोरूममध्ये टाय लावलेला पोरगा चकचकीत पुस्तक घेऊन आला, तर तात्या तोवर मशीनखाली आडवे. "काका, ब्रँड न्यू आहे," तो म्हणाला. "नव्याला खोड नसती व्हय रं?" खालून आवाज आला. बाहेर आले ते कोपराला ग्रीस लावूनच. तो पोरगा आधी गोरामोरा झाला आणि मग माझ्याआधी हसला. नवं आपल्या आवाक्यातलं नव्हतंच, पण तात्या म्हणाले, नवं बघितल्याशिवाय जुन्यातलं काय गेलंय ते कळणार कसं.

जुन्या मशीनची त्यांची रीत ठरलेली. आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. इंजिन कोमट लागलं की मालकाकडं बघून म्हणायचे, "सकाळ सकाळ कुणाला फिरवून आणलं, शेठ?" थंड इंजिन चालू व्हायला कुरकुर करतं, ते कळू नये म्हणून विकणारे आधीच गरम करून ठेवतात. मग माझ्याकडं वळायचे. "बस आत. तुला चालवायचं हाय." आणि इंजिन चालू झालं की डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. बरं वाटलं तर म्हणायचे, "हां, आता बोलतंय." मी हे सगळं शिकत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत फार छान वाटायचं. वडील गेल्यापासून माझ्याबरोबर असं कुणी फिरलं नव्हतं. ते मला "लेकी" म्हणायचे. नुसतं तोंडी लावायला नाही हो. चहात साखर जास्त झाली की दुकानदाराला ओरडायचे, "माझ्या लेकीला कमी साखर लागती, सांगितलंय न्हवं?"

त्याच वेळी एक मोठं काम समोर आलं. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला आवारभर बाग करायची होती, आणि ती पुढं कायम राखायचीही होती. कायम! आमच्या धंद्यात हा शब्द कधी ऐकू येतो का? लॉन टाकलं की काम संपतं, आणि बायका परत ज्याच्या त्याच्या वाटेनं खुरपायला जातात. हे काम मिळालं तर कलाबाईपासून सगळ्यांना बारा महिने हाताला काम आणि डोक्यावर सावली. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, आताच बोलू नका, दृष्ट लागती."

कारखान्याचे साहेब म्हणाले, फाटकाजवळचा कोपरा आहे, तिथं प्रत्येक कंत्राटदारानं एकेक तुकडा सपाट करून, लॉन टाकून दाखवायचं. ज्याचं आवडेल त्याला काम. मी तात्यांना तो कोपरा दाखवायला नेलं. शेजारी उसाचं रान, त्याला पाट. काळी जमीन. तात्यांनी उकिडवं बसून माती उचलली, मुठीत दाबली, आणि मूठ उघडली तर मातीवर बोटं उमटलेली. आमच्याकडं याला उपळट जमीन म्हणतात. वरून कोरडी दिसते आणि आत पाणी झिरपत असतं.

"तात्या, हितं चाकाचं रुतंल का?"

"वाळंल की दोन उन्हात. शेजारच्याला पाणी बंद करायला लावू. मी हाय न्हवं?"

आणि रुमाल झटकला.

आता हे चाकाचं-पट्ट्याचं सांगायला हवं. हे लोडर दोन जातीचे. एकाला चार चाकं, दुसऱ्याला रणगाड्यासारखे रबरी पट्टे. पट्टे ओल्या जमिनीवर रुतत नाहीत, वजन पसरतं. चाकांचं मशीन रस्त्यानं बरं पळतं, टायर कुठंही मिळतात. दोन्हीत बरंवाईट आहे. ज्याचं काम तसं त्यानं घ्यावं, एवढा साधा मामला.

महामार्गाकडेच्या एका यार्डात दोन्ही जातीचं एकेक उभं होतं. पट्ट्याच्या मशीनच्या दाराला पोचा होता आणि त्यावर कुणीतरी निळा रंग फासलेला. दिसायला ध्यान, पण मला ते बघताक्षणीच आवडलं. मी आत बसले, फिरवलं. लोण्यासारखं फिरत होतं. मी उतरले तेव्हा तात्या वाकून पट्ट्याच्या रबरात नख रोवत होते.

"रबर मेलंय," ते म्हणाले. "ह्ये बघ, नख शिरंना. एका हंगामात चिरा पडतील आन मशीन उभं ऱ्हाईल. चाकाचं घे, लेकी."

"पण लोणी देवकरला..."

"त्या एका कोपऱ्यापायी जन्माचं मशीन घेणार हाईस व्हय? बंगल्याच्या गल्ल्या कशानं फिरशील?"

बोलणं पटण्यासारखं होतं. आणि न पटायला माझ्यापाशी होतं काय? मी मान हलवली.

मग सौदा. आणि तात्या कसे ठरवणार? बाजारातल्यासारखेच! शेठपुढं हात केला, वर रुमाल टाकला, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव. शेठ जुना माणूस, त्यालाही ही भाषा येत होती. वरून रुमाल हलतोय, आणि दोघांचे चेहरे मख्ख. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटावं, जादूचे प्रयोग चाललेत. थोड्या वेळानं तात्यांनी मला खूण केली, जमलं. मी खुश होऊन चाकाच्या मशीनमध्ये चढले आणि लिव्हर ओढून बघू लागले. पिंजऱ्याच्या जाळीतून बघते तर तात्या आणि शेठ यांचे हात परत रुमालाखाली. परत मख्ख चेहरे. या वेळी जरा जास्तच वेळ.

बाजार न बघितलेल्या कुणीही सरळ विचारलं असतं, "काय हो, आता कसला सौदा?" मी विचारलं नाही. मी शेळगावच्या शेतकऱ्याची पोर. रुमालाखालचं तिसऱ्यानं विचारायचं नसतं, हे मला वडिलांचं बोट धरून बाजारात जाताना कळलेलं. विचारणं म्हणजे हेड्याच्या इमानावर संशय घेणं. तात्याच आपण होऊन जवळ आले. "सपाटीची बकेट फुकटात मागून घेतली तुला." आणि खरंच, शेठनं एक रुंद बकेट माझ्या मशीनबरोबर चढवली. त्या बकेटीचं कौतुक मी घरोघर सांगत फिरले. मूर्ख बाई!

नमुन्याचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी तात्या फोनवर म्हणाले, "सकाळी येतूच. मी असल्याबिगर चालू करू नगंस." सकाळी आले नाहीत. फोन नुसता वाजत राहिला. साहेब घड्याळ बघायला लागले, बायका कडेला घमेली घेऊन उभ्या, आणि उसात तर पाटाचं पाणी सोडलेलं दिसत होतं. मला वाटलं, वाटेत गाडी पंक्चर झाली असेल. बिचारे तात्या, म्हातारपणी मोटरसायकल ढकलत असतील. होय हो, मला त्यांचीच काळजी!

मी मशीन आत घातलं. पहिले एक-दोन फेरे बरे गेले. मग वळवायला गेले, चाकं जागेवर फिरली, आणि वरचा पापुद्रा फाटून खालचा चिखल वर आला. मी मागं घ्यायला बघितलं तसं ते आणखी खाली बसलं. थोड्या वेळात माझी भिंगरी पोटावर टेकली. चाकं गरागरा फिरतायत, चिखल साहेबांच्या पँटीपर्यंत उडतोय, आणि मी पिंजऱ्यात बसून लिव्हर ओढतेय. कलाबाईनं तोंडाला पदर लावला. शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बोलावून साखळीनं ओढून काढलं. त्या कोपऱ्याचं डबकं झालं होतं.

मी चिखलानं भरलेले हात नळावर धूत होते, तेव्हा ट्रेलर आत आला. त्यावर पट्ट्याचा लोडर. दाराला पोचा, पोच्यावर निळा रंग.

एक तरणा गडी खाली उतरला आणि मला बघून आदबीनं जवळ आला. "ताई, नमस्कार. मामांनी सांगितलं हुतं तुमी असाल म्हणून."

"कोण मामा?"

"तात्या की. सासरं माझं. ह्ये मशीन त्येंनीच बघून दिलं. तुमी बी हुता म्हणं त्या दिवशी यार्डात."

त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. त्या बापड्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं माझ्या शेजारच्या तुकड्यावर मशीन घातलं, आणि ते लोण्यासारखं फिरलं. मी नळ बंद करायला विसरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मशीन रुतलं म्हणून नाही. त्या यार्डात मी पिंजऱ्यात बसून आनंदानं लिव्हर हलवत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, हा माणूस माझ्याच कामासाठी माझ्यासमोर दुसरा उभा करत होता. आणि जमिनीची सगळी माहिती त्याला मीच हाताला धरून दाखवली होती!

काम जावयाला मिळालं. मिळायलाच हवं होतं, त्याचा तुकडा खरंच सुरेख झाला होता.

मी अंथुर्ण्याला गेले. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत आणि आतही गेले नाहीत. काकूंनी "ये गं" म्हटलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

"रबर मेलंय म्हणाला होता तुमी."

"व्हय."

"मेलं होतं?"

"न्हाय."

"पाटाचं पाणी?"

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पोरगी म्हायेराला येऊन बसली हुती, लेकी. जावई रिकामा, घरात रोज भांडणं. त्येला कायतरी कायमचं मिळालं तर ती नांदंल, एवढंच बघितलं म्या."

"मग मला सांगायचं की! तोंड होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस?"

आता बघा, या प्रश्नाला मी काय म्हणणार? नसतं सोडलं. माझ्याही मागं कलाबाई होती, पाच-सहा घरं होती. मी तसंच सांगितलं. "नसतं सोडलं. पण तुमी समोर आहात हे कळून तरी लढले असते. जावयाच्या बाजूनं उभं राहायचं होतं, तर राहायचं होतं. माझ्या बाजूला कशाला येऊन बसलात? रुमाल घेऊन फाटकं कशाला मापलीत?"

"फाटकाचं खोटं न्हवतं," तात्या एकदम वर बघून म्हणाले. "त्ये सगळं खरं हुतं. तुझा बाप असता तर त्येला कळलं असतं..."

"माझ्या बापाचं नाव काढू नका!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारची माणसं दारात आली. काकू चहा घेऊन उंबऱ्यात थांबल्या. त्यांच्या मागं पोरगी उभी होती, हिरवा चुडा भरलेली, सासरी निघायची बॅग भिंतीला लावलेली. माझ्याकडं बघून ती हसली. मी तो चहा उभ्यानं प्यायले आणि निघाले. साखर अगदी बेताची होती. त्याचा मला आणखीच राग आला.

माझं मशीन अजून माझ्याकडंच आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण उत्तम आहे. बारामतीच्या एकूण एक फाटकातून जातं. आजवर दगा दिला नाही. खराब निघालं असतं तर निदान तात्यांना रोज शिव्या तरी घालता आल्या असत्या. तीही सोय ठेवली नाही माणसानं. कलाबाई काही दिवस माझ्याकडं येत राहिली. मग एका सकाळी हातात डबा नसताना आली तेव्हाच मी ओळखलं. "ताई, तितं बारमाही हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "जा गं बाई, मी का अडवू?" तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या. आता माझ्याकडं नव्या बायका आहेत. त्यांना मशीनचं नाव काय ठेवायचं ते सुचलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

मध्यंतरी इंदापूरला रोपं पोचवायची होती. टेम्पो मीच चालवत होते. लोणी देवकरला त्या कारखान्यासमोर आले आणि नको नको म्हणताना बघितलंच. बाग काय सुंदर झालीय! तो उपळट कोपराही हिरवागार, आणि त्यात कलाबाई पाइप धरून ताठ उभी. ताठ, बरं का. फाटकाच्या आत झाडाखाली तात्या खुर्ची टाकून बसले होते. जावयानं देखरेखीला ठेवलं असावं. त्यांनी माझा टेम्पो लांबूनच ओळखला आणि उठून फाटकापाशी आले.

मी वेग कमी केला. काच खाली केली. आता तुम्ही म्हणाल, कशाला? मला तरी कुठं ठाऊक होतं! एवढंच ठाऊक होतं की त्यांनी हाक मारली तर मी थांबणार. चुकलो म्हणायला नको, काही नको. नुसतं "अगं थांब" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तात्यांनी फाटकाचा गज धरला. तोंड उघडलं. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. मी तरी वाट बघितली.

त्यांनी तोंड मिटलं आणि खाली जमिनीकडं बघितलं. मी काच वर घेतली आणि गिअर टाकला.